उघड्या तोंडाची शिंक

नाटक कंपनीत त्यांना सगळे कुजबुजमामा म्हणत. उजव्या विंगेत, झाकलेल्या दिव्याखाली, मांडीवर संहिता घेऊन मामा बसायचे. नट अडखळला की पुढचा शब्द असा पुरवायचे, की नटाला वाटावं आपल्यालाच आठवला. कितीतरी टाळ्या खरं तर मामांच्या होत्या; त्यांनी एकही कधी मागितली नाही.

विंगेतल्या माणसाला खोकला, शिंक, जांभई यातलं काही परवडत नाही. शिंक गिळायची मामांची खास रीत होती: नाक चिमटीत, ओठ घट्ट, जीभ टाळूला. खांदे तेवढे एकदा हलत. नवीन येणाऱ्याला ते आधी हेच शिकवत; वाचायचं कसं ते नंतर.

घात केला दातांनी. वरच्या डाव्या बाजूच्या दाढा कधीच्या गेल्या होत्या. तिथे काढता-घालता येणारी कवळी बसवली, तर ती शब्दाशब्दाला टकटक वाजायची.

"मामा, तुम्ही वाक्य सांगताय की दार वाजवताय?" नायिकेने मध्यंतरात विचारलं. बाई मोठी गुणी, पण विसरभोळी. मामांशिवाय तिचं पान हलत नसे. मामा हसले, पण मनातून चरकले. कुजबुज बिघडली तर विंगेत त्यांचं काय काम?

पक्क्या दाढा बसवायला ते दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. बाईंनी एक्स-रे उजेडात धरला.

"मामा, स्क्रू बसवायला इथे हाडच उरलं नाही. दाढा गेल्यावर ते झिजलं, आणि वरची, नाकाला जोडलेली सायनसची पोकळी खाली आलीय."

"म्हणजे खुंटी आहे, पण ठोकायला भिंत नाही."

"बरोब्बर! आधी भिंत घालू. पोकळीच्या तळाला कांद्याच्या पापुद्र्यासारखं अस्तर असतं. ते अलगद वर उचलायचं, खाली हाडाची भुकटी भरायची, आणि तिचं पक्कं हाड होईपर्यंत धीर धरायचा."

शस्त्रक्रिया बिनबोभाट पार पडली. निघताना बाईंनी बजावलं, "नाक शिंकरायचं नाही. शिंक आली तर तोंड उघडून मोकळी सोडायची. दाबलीत, तर अस्तर फाटेल आणि सगळी मेहनत पाण्यात."

घरी बायको हसून बेजार झाली. "माशी शिंकली की कामं बिघडतात म्हणे. तुमचं न शिंकल्याने बिघडायचं!" पण तिने तालीम मात्र नेटाने घेतली. मामांचा हात नाकाकडे गेला रे गेला, की स्वयंपाकघरातून आरोळी यायची, "हात खाली!"

मग प्रयोग लागला. दुसऱ्या अंकात नायिका वडिलांच्या शवापाशी बसते. कुणी बोलत नाही, संगीतही थांबलेलं. त्यानंतरचं वाक्य बाई हमखास विसरायची, म्हणून मामा जागेवरून हलू शकत नव्हते. आणि नेमकी तेव्हाच पडद्याची जुनी धूळ त्यांच्या नाकात शिरली.

हात वर गेला. चिमूट झाली. ओठ मिटले. आयुष्यभराची सवय ती! पण कानात बायको ओरडली, "हात खाली!" मामांनी हात खाली घेतला, डोळे मिटले आणि 'आ' केला.

ती शिंक नव्हती, तोफ होती. मेलेल्या वडिलांचं पोट गदगदलं. पुढच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. नायिकेने सावकाश मान वर केली, विंगेकडे पाहिलं.

"कोण आहे तिकडे?" थोडं थांबून ती म्हणाली, "कुणी का असेना. या घरात अजून कुणीतरी जिवंत आहे, एवढंच पुरे."

हसू जिथल्या तिथे विरलं. कुणीतरी डोळे पुसले. मग ती नेहमीप्रमाणे पुढचं वाक्य विसरली, आणि मामांनी ओल्या नाकाने ते पुरवलं.

पडदा पडल्यावर मामा हात जोडून पुढे आले. "चुकलं बाई."

"चुकलं कसलं? इतक्या वर्षांत आज पहिल्यांदा तुमचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला!"

अस्तर शाबूत राहिलं. यथावकाश हाड धरलं, त्यात स्क्रू बसले, वर दाढा आल्या. टकटक थांबली. आता कशीही शिंका, म्हणाल्या डॉक्टरीणबाई.

त्यानंतरच्या एका प्रयोगात नायिका त्याच जागी जरा जास्तच थांबली. तिचे डोळे विंगेकडे लागले होते. विंग गप्प. मध्यंतरात ती चहाचा कप घेऊन आली.

"काय मामा, आज शिंक नाही आली?"

"आली होती ना," मामा कुजबुजले. "गिळली."