गादी द्यायची आहे

वस्तू कुठून विकत घ्यावी हे सांगणारी माणसं सुरतेत पावलोपावली भेटतात, पण वस्तू घराबाहेर कशी काढावी हे जाणणारा माणूस या अख्ख्या शहरात एकच आहे आणि तो माझा साडू आहे. नातं आहे म्हणून मी हे म्हणत नाही. मी सुताच्या गोदामात वजनकाट्यावर बसतो. काटा दाखवेल तेवढंच बोलायची मला सवय लागली आहे. साडूभाऊ माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठे, मूळचे शहाद्याकडचे, भेस्तानच्या एका कारखान्यात यंत्रमागांचे मास्तर, राहायला नवागामात दुसऱ्या मजल्यावर. दाढीचं जुनं पातं ते कागदाच्या तीन घड्यांत गुंडाळतात आणि वर मराठी, गुजराती, हिंदी अशा तिन्ही भाषांत लिहितात, 'धार आहे, जपून.' कचऱ्याची गाडी गाणं वाजवत गल्लीत आली की बाकीचे लोक डबा उपडा करून पळतात. साडूभाऊ मात्र गाडीवाल्याला प्रत्येक पिशवीची ओळख करून देतात. "ये गीला. ये सूखा. और इसमें काँच है भाई, कल बरनी टूटी. बाएँ हाथ से पकड़ना." डाव्याच हाताने का, असं मी एकदा विचारलं. "त्याच्या उजव्या हाताला पट्टी आहे," ते म्हणाले, "तुम्ही बघितली नाही?" मी खरंच बघितली नव्हती.

एकदा बंद पडलेली दोन फुटी ट्यूबलाइट घेऊन ते शहर बसमध्ये चढले. कुठल्याशा दुकानात जुन्या ट्यूब परत घेतात असं त्यांनी ऐकलं होतं, आणि ते दुकान अकरा किलोमीटरवर होतं. फुटली तर आतला पारा कुणाच्या तरी पायाखाली जाईल, म्हणून तिला जुन्या लुंगीत गुंडाळून दोन्ही हातांनी छातीशी धरलेलं. एका बाईंनी उठून जागा दिली. "बैठो भाई, बच्चे को लेके कब तक खड़े रहोगे!" साडूभाऊ गर्दीच्या रेट्याने बसले खरे, पण दोन थांबे गेल्यावर त्यांना राहवेना. लुंगीचं टोक उघडून दाखवत ते उभे राहिले. "बच्चा नहीं है बहन, ट्यूब है. आप बैठो." त्या बाई पुढच्याच थांब्यावर उतरल्या. त्यांना तिथे उतरायचं होतं की नाही, हे मला सांगता येणार नाही.

अशा माणसाच्या घरातून एक जुनी गादी निघायची होती! ताईची, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीची, कंबर धरली होती आणि डॉक्टरांनी बजावलं होतं की मध्ये खड्डा पडलेल्या गादीवर एक दिवसही झोपू नका. नवी गादी आली. पण जुनी निघाल्याशिवाय नवी टाकणार कुठे? मी खोली मोजली आहे. पलंग आणि कपाट सोडून जमीन उरते सहा फूट बाय अडीच फूट. तेव्हा नवी गादी प्लॅस्टिकच्या गुंडाळीसकट भिंतीला टेकून अंग चोरून उभी, जुनी पलंगावर ऐसपैस, आणि ज्या कंबरेसाठी हे सगळं चाललं होतं ती कंबर सतरंजीवर, जमिनीवर. असे तेवीस दिवस गेले.

साडूभाऊ त्या तेवीस दिवसांत स्वस्थ बसले होते असं कुणी समजू नये. समोरच्या इमारतीच्या वॉचमनने गादी मागितली तेव्हा त्यांनी त्याची खोली जाऊन पाहिली, भिंतीला हात लावला आणि ओल आहे म्हणून नकार दिला. उलट त्यालाच ओल जाण्याचा उपाय सांगून आले. भंगारवाला म्हणाला, खोळ ठेवतो आणि कापूस जाळतो. त्याला चहा पाजून परत पाठवलं. कचऱ्याच्या गाडीवाल्याने गादीकडे पाहिलं, आपल्या गाडीकडे पाहिलं आणि नमस्कार केला. मीच म्हणालो, "साडूभाऊ, लोक रात्रीतून खाडीत टाकून मोकळे होतात." त्यावर ते माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मी माणूस टाकायला सांगितलं. मागच्या पावसाळ्यात खाडीचं पाणी त्यांच्या गल्लीत शिरलं होतं. ते ओसरल्यावर नाल्याच्या तोंडाशी तीन गाद्या अडकलेल्या आम्ही दोघांनी पाहिल्या होत्या, भिजून म्हशीएवढ्या फुगलेल्या. "त्या पण कुणीतरी मोकळं होण्यासाठीच टाकल्या होत्या," ते म्हणाले.

त्यावर उत्तर ताईकडे होतं. तिने माझ्याच देखत ते अहिराणीत दिलं, कारण राग आला की ताई दुसरी भाषा बोलत नाही. "भाऊजी, तुमना साडूले सांगी ठेवा. रविवारलोंग ही गादी निंघनी नही, ते मी निंघसू!"

रविवारपर्यंतच्या त्या मुदतीला चार दिवस होते. साडूभाऊंनी त्याच संध्याकाळी मोबाइल काढला आणि कारखान्याच्या ग्रुपवर गुजरातीत निरोप टाकला: 'गादी आपवानी छे. जूनी छे पण मजबूत छे. साचवे एवा माणसने ज.' गादी द्यायची आहे, जुनी पण मजबूत आहे, सांभाळेल अशाच माणसाला. खाली घराचा पत्ता. साडूभाऊंचं गुजराती अठ्ठावीस वर्षं मुरलेलं आहे, त्याचा त्यांना अभिमानही आहे. पण एक शब्द त्यांच्या पोटात मराठीच राहिला होता. आपण झोपतो त्या वस्तूला गुजरातीत म्हणतात गादलुं. गादी म्हणजे दुकानातली शेठची बैठक, पेढी, चालता धंदा! निरोप कारखान्याच्या ग्रुपवरून कुठल्याशा दलालाच्या ग्रुपवर गेला, तिथून कापड मार्केटमध्ये, आणि रविवारी सकाळी दहाला दारात एक सत्तरीचे शेठ उभे. पांढरे कपडे, कपाळावर टिळा, एका हातात नारळ, दुसऱ्या हातात पेढ्यांचा पुडा, आणि दोन मजले चढल्याने लागलेला दम.

साडूभाऊंचा चेहरा असा उजळला की काय सांगू! जुनी गादी न्यायला नारळ घेऊन येणारा माणूस! माझ्या कानाशी येऊन ते म्हणाले, "बघा, साडूभाऊ, जगात कदर आहे."

शेठ खुर्चीवर टेकले, पाणी प्यायले आणि थेट मुद्द्यावर आले. "गादी आपकी अपनी?"

"मेरीच. पहले माँ की थी."

शेठनी हात जोडले. "बड़ों की गादी. बहुत अच्छा. कितने साल हुए?"

"छब्बीस."

"और अब छोड़ रहे हो?"

"घरवाली की कमर," साडूभाऊ म्हणाले. शेठनी हळहळून मान हलवली.

"चालू तो है ना?"

"एकदम चालू. बस बीच में थोड़ी बैठ गई है."

"अरे भाई, आजकल किसकी नहीं बैठी? पूरा मार्केट बैठा है."

"पर किनारे मजबूत हैं," साडूभाऊंनी धीर दिला.

शेठ जरा घोटाळले. "किनारे? यानी बाहरगाँव की पार्टियाँ?"

साडूभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. पार्टीचं मलाही कळलं नाही, पण आकडे विचारले तर मी तयार होतो. आदल्याच दिवशी गोदामातला ताणकाटा आणून मी गादी टांगली होती. "छह बाय साढ़े चार," मी म्हणालो.

"बस? इतनी छोटी?" शेठ नाराज झाले. "माल कितना भरा है?"

"इक्कीस किलो चार सौ ग्राम," मी म्हणालो. "सात दिन धूप दिखाई है, नहीं तो बाईस भरता."

"किलो?"

"और खटमल एक भी नहीं," साडूभाऊ छातीवर हात ठेवून म्हणाले. "चाहिए तो लिखके देता हूँ."

"खटमल?" शेठनी आधी त्यांच्याकडे, मग माझ्याकडे, मग दाराकडे पाहिलं. साडूभाऊ उठले, आतल्या खोलीचा पडदा बाजूला केला आणि लग्नासाठी मुलगी दाखवावी तसा हात केला. "खुद देख लो ना, शेठ."

शेठनी पाहिलं. पलंग, त्यावर निळ्या पट्ट्यांच्या खोळीची गादी, शेजारी सतरंजीवर कंबर धरून बसलेली ताई. मग शेठच्या तोंडून निघालं, "अरे, आ तो गादलुं छे!"

पहिली हसली ताई. तेवीस दिवसांचं हसू साठलेलं, ते कंबरेला हात लावून, "अरे देवा, अरे देवा" करत बाहेर पडलं. मग शेठ. हसता हसता ते त्याच गादीवर बसले आणि खड्ड्यात गेले. आम्ही दोघांनी हात देऊन वर काढलं तर पुन्हा गेले. साडूभाऊ मात्र लाल झाले होते. अठ्ठावीस वर्षांचं गुजराती एका शब्दात पडलं होतं. "माफ करना शेठ, नारियल लाया आपने," ते पुटपुटले. शेठ म्हणाले, "नारियल वापस नहीं जाता," आणि उंबऱ्यावर तो फोडून मोकळे झाले.

खोबरं खाताना कळलं ते असं. शेठची स्वतःची गादी मुलांनी गेल्या वर्षी बंद केली. आता सगळा धंदा मोबाइलवर, घरात बसून. "मेरे को बैठने की जगह चाहिए थी, और क्या," ते म्हणाले आणि सवयीने गादीवर पंजा दाबत राहिले. मग थांबले. शिवणीतून बोटभर कापूस ओढला, अंगठ्याने पिंजला, उजेडाला धरला. "मास्टर, ये देसी रू है. इसको कौन फेंकता है? रू मरता नहीं, थक जाता है. पिंजारे के पास ले जाओ."

पिंजारी! यंत्रमागाचा मास्तर आणि सुताच्या गोदामातला मी, दोघांनी जन्मभर कापसाचं खाल्लं आणि दोघांनाही पिंजारी सुचला नाही. पुढचे पाच तास मी आयुष्यात विसरणार नाही. टेम्पो आला; जिन्याच्या वळणावर गादी अडकली; खालच्या मजल्यावरच्यांनी ओढली, आम्ही ढकलली, शेठ वरून "जमणी बाजू, जमणी बाजू" ओरडत होते आणि साडूभाऊ मराठी माणसांना भाषांतर करून सांगत होते, "उजवीकडे!" भेस्तानच्या पुढे शेठच्या ओळखीचा पिंजारी होता. त्याने खोळ उसवली, कापूस यंत्रात घातला, आणि ज्याला आम्ही दगडासारखे गोळे समजत होतो त्याचा ढगासारखा ढीग छताकडे चढायला लागला. साडूभाऊ नाकाला रुमाल बांधून त्या ढगात उभे राहून विचारत होते, "धूल का क्या करोगे? खोळ का क्या?" धूळ निघाली तीन किलो; ती दोन पिशव्यांत बांधून, चिठ्ठी लावून सुक्या कचऱ्यासाठी निघाली. खोळीच्या चिंध्या कारखान्यात, मागाचं तेल पुसायला. चांगल्या कापसाच्या दोन पातळ गाद्या झाल्या. कोसाडच्या एका पाळणाघरात कामावर जाणाऱ्या बाया आपली पोरं ठेवतात, तिथे आम्ही त्या पोचवल्या, अर्थातच साडूभाऊंनी आधी फरशीला हात लावून ओल पाहिल्यावर. उरलेल्या कापसाची पिंजाऱ्याने दोन फूट बाय दोन फूट अशी चौकोनी बैठक शिवून दिली होती. साडूभाऊंनी ती शेठच्या हातात ठेवली. शेठनी तिच्यावर पंजा दाबून पाहिला. मग म्हणाले, "गादी लेने निकला था, गादी लेके जा रहा हूँ," आणि ती बगलेत मारून रिक्षात बसले.

चारच्या सुमाराला आम्ही नवी गादी पलंगावर अंथरली. ताई म्हणाली, "जरा पडून बघते, कडक आहे का," आणि 'का' म्हणता म्हणता झोपली. आवाज नको म्हणून आम्ही दोघं बाहेर जिन्यात येऊन बसलो. मी जोरात होतो. टेम्पोपासून पाळणाघरापर्यंत सगळं पुन्हा एकदा सांगत होतो. साडूभाऊ हं हं करत होते. दोन्ही हात गुडघ्यांवर, मोकळे. इतक्या वर्षांत त्यांच्या हातात काहीच नाही असं मी पहिल्यांदा पाहिलं.

"आईचा चष्मा मी डोळ्यांच्या शिबिरात दिला होता," ते एकाएकी म्हणाले. "काठी गावी मामांना. उरलेली औषधं दुकानात. लुगडी धुऊन, इस्त्री करून बहिणींना. एकेक नीट पोचवलं. गादी तेवढी राहिली होती."

त्यांनी आपल्या रिकाम्या तळव्यांकडे पाहिलं.

"आता तिचं पोचवायचं काही राहिलं नाही, साडूभाऊ."

खाली मुलं पतंगाच्या दोऱ्यावरून भांडत होती. साडूभाऊंनी जिन्यात पडलेला कापसाचा एक पुंजका उचलला, खिशात घातला आणि माझ्याकडे वळले. "तुमच्याकडे आहे का काही? जुनं, बंद पडलेलं? सांगा, मी नेतो."

आमचं घर लहान आहे आणि मी दर दिवाळीला यादी करून जास्तीचं काढून टाकतो. बंद पडलेलं आमच्याकडे काही राहत नाही. पण मी म्हणालो, "आहे ना. एक इस्त्री आहे. कधीची बंद आहे, टाकवत नाही."

"उद्या सकाळी येतो," ते म्हणाले, आणि चेहरा जरा खुलला.

ती इस्त्री त्याच दिवशी सकाळी माझ्या अंगातल्या शर्टावरून फिरली होती. घरी जाऊन मी बायकोला सांगितलं की वायर कापून ठेव, आणि का ते विचारू नकोस.