झाकणावरचं नाव

दुसरा पूल मागे पडला तरी वहिनी थांबेना. तिला कामावरून घ्यायला गेले, तर ती चालतच निघाली. मी म्हटलं, "अगं, बसनं जाऊ. पाय दुखतील."

"दुखू देत. बसमध्ये ती असेल."

ती म्हणजे धाकटी. प्रयोगशाळेत वहिनीला सगळे थोरली म्हणतात आणि तिच्या हाताखाली आलेल्या मुलीला धाकटी. पाण्यात जंतू आहेत का, हे पाहायचं त्यांचं काम. वहिनी दिव्याजवळ बसते. नमुना उचलायची तार लाल होईपर्यंत तापवायची, निवू द्यायची, जंतू वाढवायच्या काचेच्या बशीचं झाकण जेमतेम उचलायचं आणि श्वास आत जाऊ नये म्हणून तेवढा वेळ तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. मी एकदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, ही ज्योतीपुढे नामस्मरणच करतेय. घरी सांगितलं तर दादा म्हणाला, "तो दिवा घरी आण बाई, जरा शांतता नांदेल." सगळ्यांत जास्त वहिनीच हसली.

धाकटीला तिनं पोटच्या मुलीसारखं शिकवलं. आपल्या डब्यातलं खाऊ घातलं. पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "नमुन्याचं नाव झाकणावर नाही, बशीच्या बुडावर लिहायचं. झाकणं बदलतात."

धाकटीनं घाईत झाकणांवरच लिहिलं. जंतू मोजताना झाकणं इकडची तिकडे झाली. चांगल्या विहिरीचं पाणी वाईट ठरलं, वाईट विहिरीचं चांगलं. प्रयोगशाळेच्या प्रमुख मोठ्या बाईंनी आज जाब विचारला, तेव्हा वहिनीसमोर उभी राहून धाकटी म्हणाली, "थोरल्यांनीच असं शिकवलंय."

"शिकवणारीच चुकली तर काय बोलायचं?" बाई म्हणाल्या. उद्यापासून वहिनी काचसामान धुणार. दिव्याजवळ धाकटी बसणार.

"आणि तू गप्प राहिलीस?" सगळं ऐकून माझा आवाज चढला.

"ती माझ्या डोळ्यांत बघून बोलत होती गं. क्षणभर मलाच वाटलं, मीच तसं शिकवलं की काय."

"उद्या मी येते. मोठ्या बाईंना चांगलं सुनावते. देव बघतोय सगळं."

"देव बघतोय, पण बाई त्याला कुठे विचारतायत?"

मग ती रस्त्याकडेच्या कठड्यावर बसली. पदरानं तोंड पुसलं.

"बाईंकडे नको जाऊस. धाकटीकडे जा. ती एकटी असताना विचार, थोरलीनं तुला खरं काय शिकवलं होतं. मला नाही विचारवणार. आणि ती पुन्हा तेच म्हणाली ना, तर मला येऊन सांगू नकोस."