घरमालकांचा बर्फावरचा हंगाम

आमच्या घरमालकांनी आयुष्यात एकाच गोष्टीवर कधी संशय घेतला नाही, आणि ती म्हणजे त्यांचा स्वतःचा संशय. बाकी दूध, डॉक्टर, हवामानाचा अंदाज, पाहुण्यांची येण्याची कारणं आणि जाण्याच्या वेळा, या सगळ्यांची चौकशी कायम चालू असायची. मी दिग्रसला कॉलेजात इंग्रजी शिकवायला आले आणि त्यांच्या माडीवरच्या दोन खोल्या पाहायला गेले, तेव्हा मी खोल्या पाहत होते आणि ते मला पाहत होते. "एकट्याच राहनार?" "हो." "काहून?" या प्रश्नाचं उत्तर मला माझ्या आईलाही कधी देता आलं नव्हतं, तर त्यांना काय देणार! तरी खोल्या मिळाल्या. पुढे सहा महिने मी नळ किती वेळ सोडते यापेक्षा कशासाठी सोडते याचीच त्यांना जास्त काळजी लागून राहिली होती.

त्यांचा तरी काय दोष? उभं आयुष्य कापसाचे ग्रेडर म्हणून गेलेलं. बाजारात गाडी आली की वरच्या पांढऱ्याशुभ्र कापसाला भुलायचं नाही, कोपरापर्यंत हात खुपसून तळचा मूठभर काढायचा, त्याला पाणी मारलंय का ते बोटांनी ओळखायचं, मग दोन्ही हातांच्या चिमटीत धरून धागा ओढून बघायचा, हे त्यांचं काम. निवृत्तीनंतर कापूस सुटला, पण हात खुपसणं सुटलं नाही. किराणा दुकानात ते पोह्यांच्या पोत्यात खांद्यापर्यंत शिरत. लग्नाच्या पंगतीत वाढप्याला थांबवून बुंदी तळातून वाढायला लावत. एकदा आम्ही कळंबला चिंतामणीच्या दर्शनाला गेलो, तेव्हा त्यांनी नारळावर बॉलपेनाने बारीक फुली मारली आणि दर्शन उरकून बाहेरच्या दुकानासमोर दुपारपर्यंत ठाण मांडलं. देवाला वाहिलेला नारळ पुन्हा विकायला येतो की काय, ते त्यांना बघायचं होतं. नारळ काही आला नाही. परतीच्या बसमध्ये ते इतके हिरमुसले होते की शेवटी मीच म्हटलं, "बरंच झालं ना काका?" तर म्हणाले, "आज नाही आला. मी बसून होतो ना समोर."

दिवाळी ते होळी हा कापसाचा हंगाम. निवृत्तीनंतर हे महिने त्यांना घरात काढवेनात आणि काकूंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, ते घरात सोसवेनात. शेवटी कॅनडात राहणाऱ्या मुलीने तोडगा काढला. ती राहते त्या खाणींच्या गावाचा शंभर वर्षांपूर्वी बर्फावरच्या हॉकीचा पगारी संघ होता, आणि तिथल्या वाचनालयाने तेव्हाचं वर्तमानपत्र पानापानाने इंटरनेटवर चढवलेलं होतं. तिने बाबांना एक टॅब पाठवला आणि सांगितलं, बघा हा खेळ सरळ आहे का ते. काकांनी स्वतःचा नियम केला: आजच्या तारखेला त्या वर्षीच्या त्याच तारखेचं पान वाचायचं. पुढचं बघायचं नाही, कारण गाडी फाटकात यायच्या आधी भाव सांगणारा ग्रेडर त्यांना चोर वाटे. त्यांचं इंग्रजी बेताचं, म्हणून भाडेकरू बाईंची नेमणूक झाली. रोज चार वाजता चहा, आणि मी मराठी करून वाचणार.

माझ्यावर विश्वास होता असं मात्र समजू नका. माझं वाचून झालं की तेच पान घेऊन ते कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याकडे जात, त्याच्याकडून पुन्हा वाचून घेत आणि दोन्ही वाचनं ताडून पाहत. शिवाय माझी एक खोड त्यांनी आठ दिवसांत हेरली होती. "मॅडम, तुमी चष्मा वर केला. चष्मा वर केला का तुमी ओळ खाता." आणि ते खरं होतं. बुटाच्या पॉलिशची जाहिरात मी गाळली होती.

तर डिसेंबरात हंगाम सुरू झाला, आणि काकांची तपासणीही. त्या काळी मैदान नैसर्गिक थंडीने गोठवलेलं असे, ऊब आली की बर्फावर पाणी साचे. अशाच एका सामन्यात आमचा संघ हरला. "पानी मारलं," काका म्हणाले. मी म्हटलं, "काका, ऊन पडलं म्हणून वितळलं." "मॅडम, सारी जिंदगी लोक मले हेच सांगत आले, का पानी नाही मारलं, दव पडलं." दुसरा एक संघ बर्फात आगगाडी अडकल्यामुळे एक दिवस उशिरा पोचला, तर त्यांना आगगाडीचाच संशय आला. कोणी खेळाडू जास्त पगारासाठी हंगामाच्या मध्येच दुसऱ्या संघात गेला, तेव्हा मात्र ते समाधानाने हसले. हे जग त्यांच्या ओळखीचं होतं.

पण जानेवारीत त्यांची नजर गोलकीपरवर गेली. तेव्हा गोलकीपरच्या तोंडावर जाळी नसे आणि संघात दुसरा गोलकीपरही नसे. एकच गडी, तोच शेवटपर्यंत. डिसेंबरात या माणसाने भिंत उभी करावी तशी रबराची चकती अडवली होती, आणि आता सोपे गोल त्याच्या अंगावरून जात होते. लागोपाठ तीन सामने संघ हरला. वर्तमानपत्र बिचारं दुर्दैव, दुर्दैव म्हणत होतं. काकांनी तीनही पानं पुन्हा वाचायला लावली आणि निकाल दिला. "इकला गेला तो. साऱ्या चकत्या डाव्या आंगानंच काहून जातेत? उजव्या आंगाची एक नाही जात. ठरवून सोडून राह्यला."

तेव्हा चहाचे कप उचलता उचलता काकू हळूच म्हणाल्या, "देवरावभाऊजीलेही असंच म्हनलं होतं तुमी." काका उठून आत गेले. दुसऱ्या दिवशी काकूंनी मला सांगितलं. देवराव हे काकांच्याच बाजारातले दुसरे ग्रेडर, मारेगावचे. दोघं एका खोलीत राहिले, एका डब्यात जेवले. पण एका हंगामात देवरावांनी तीनदा ओला कापूस कोरडा म्हणून पुढे पाठवला आणि आख्खी गंजी आतून तापून पिवळी पडली. काकांनी साहेबांना जाऊन सांगितलं की हा व्यापाऱ्यांना मिळालेला आहे. देवराव एक शब्द उलट बोलले नाहीत, काम सोडून ते गावी निघून गेले. त्याला वीस वर्षं झाली. "याइले दुसरा दोस्तच नव्हता, मॅडम," काकू म्हणाल्या. "अजूनही नाही."

फेब्रुवारीतल्या एका दुपारी मी पान उघडलं, तर त्यात गोलकीपरचीच बातमी होती. गोलकीपरला नाताळानंतरच्या एका सामन्यात चकती डाव्या डोळ्यावर लागली होती. त्या डोळ्याने त्याला दिसतच नव्हतं. सांगितलं तर हंगाम मोडेल, दुसरा गोलकीपर नाही, म्हणून त्याने महिनाभर कुणाला कळू दिलं नाही. काकांनी तीनदा वाचायला लावलं. मग मेडिकलवाल्याकडे गेले. तिकडे काहीतरी वेगळं निघावं, अशी त्यांची फार इच्छा असावी. परत आले ते पायरीवरच बसले. "सारखंच निंगलं," एवढंच म्हणाले.

दोन दिवस त्यांनी दुधात बोट घातलं नाही. काकू घाबरल्या. तिसऱ्या दिवशी ते मला म्हणाले, "त्या साली देवराव कढत चाहाचा ग्लास तसाच हातात धरून बसे. मी म्हणो, गड्याची चामडी जाड हाय." आणि थोड्या वेळाने, "रईवारी मारेगावले येता का, मॅडम? साक्षीले."

दोन एसट्या बदलून आम्ही पोचलो. देवरावांच्या घरी भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो होता, सुनेने पाणी दिलं. देवराव बारीक, हसऱ्या तोंडाचे म्हातारे गृहस्थ. दोघं बराच वेळ कापसाच्या भावाबद्दल बोलले, जणू कालच भेटले होते. मला वाटलं, आता काका माफी मागतील. पण माफी मागतील तर ते काका कसले! त्यांनी पिशवीतून दोन पुड्या काढल्या, एक प्लॅस्टिकची, एक कागदाची, आणि देवरावांच्या दोन तळहातांवर कापसाचे दोन लहान पुंजके, बोंदले, ठेवले. "सांग, वल्ला कोंता?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वीस वर्षांनी भेटून हा माणूस परीक्षा घेत होता.

देवरावांनी दोन्ही बोटांत फिरवले. पुन्हा फिरवले. मग हसले, एक बोंदला उचलून गालाला लावला, मग दुसरा. "हा," ते म्हणाले. "गालाले समजते. बोटाले नाही समजत. सुन्न झाले बोटं, त्या सालापासून."

"मंग तवा काहून नाही लावला गालाले?"

"धा लोकाइच्या समोर? ग्रेडर कापूस गालाले लावते? दुसऱ्या दिवशी काम गेलं असतं."

"गेलंच ना बे." काका म्हणाले. "मले तरी सांगायचं होतं."

"तुले सांगाले आलतो," देवराव म्हणाले. "तू साहेबाकडे गेलता."

 काकांनी देवरावांच्या हातातले बोंदले परत घेतले, आणि मग तो हात तसाच धरून ठेवला. सुनेने चहा आणला तेव्हाही सोडला नाही. मी अंगणात जाऊन उभी राहिले, कारण मला रडू येत होतं आणि साक्षीदाराने रडू नये.

होळीच्या आधी देवराव चार दिवस दिग्रसला राहायला आले. काकांनी त्यांना सगळा हंगाम सांगितला होता, पाणी मारलेल्या बर्फासकट. शेवटचा सामना होता, करंडक त्यावर ठरणार होता, आणि दुसरा कोणी नाही म्हणून तोच एका डोळ्याचा गोलकीपर उभा राहणार होता. देवराव चार वाजायच्या आधीच खुर्ची ओढून बसले. "मॅडम, त्याच्या डाव्या आंगाले कोनी उभं राह्यते ना?" त्यांनी मला दोनदा विचारलं.

मी पान उघडलं. डाव्या अंगाला कोणी उभं राहिलं नव्हतं. संघ हरला होता, वाईट हरला होता, आणि पुढच्या हंगामासाठी त्या माणसाला ठेवणार नाहीत असंही खाली छापलं होतं. मी वाचायला लागले. सोबती कसे त्याच्या डाव्या बाजूला येऊन खेळले, शेवटच्या मिनिटाला त्याने चकती कशी अडवली, लोक कसे बर्फावर धावत आले, सगळं सविस्तर वाचलं. पान संपवून मान वर केली तेव्हा माझं बोट चष्म्यावर होतं, आणि काका माझ्याकडे पाहत होते.

"जितले?" देवरावांनी विचारलं.

मेडिकलचं दुकान उघडं होतं. काकांनी माझ्या हातून टॅब घेतला. त्यांनी तो बंद करून मांडीवर पालथा ठेवला.

"जितले," काका म्हणाले. "मॅडमनं वाचलं ना."