अंगणातला तेलाचा डाग

"बाबा, गाडीला काही झालेलं नाही, तुमचे हात थकलेत," पोरगी ठाण्याहून फोनवर म्हणाली आणि माझं डोकंच फिरलं. तीस वर्षं मी खोडाळा ते जव्हार जीप हाकली. वळणावळणांच्या रस्त्यावर माणसं कोंबून नेली, पण कुणाला कधी खरचटलं नाही. आणि ही मला शिकवणार!

स्टिअरिंग जड झालं होतं, हे मात्र खरं. बाजारात गाडी वळवताना चाक वेळेवर फिरलंच नाही, बंपर कठड्याला घासला. ते मीच मूर्खासारखा तिला सांगून बसलो. तिने हुकूम सोडला, गाडी विका, इकडे या. मी म्हटलं, "खोट गाडीतच आहे. नसली तर विकतो आणि येतो तुझ्याकडे. झालं?"

बायको गेल्यापासून घरात मी एकटाच. शेजारची वहिनी दर आठवड्याला स्वतःच्या अंगणाबरोबर माझंही शेणाने सारवायची. भात-नागली घरात आली की आमचा निम्मा पाडा कामाला भिवंडीकडे जातो, तशी तीही गेली. दारोदार कुलपं. बोलायचं कुणाशी, भिंतीशी? अंगण सारवायचं राहिलं, म्हणूनच गाडीच्या तोंडाखाली मला तांबूस तेलाचा डाग दिसला. हात्तिच्या! इतके महिने तेल गळत होतं आणि वहिनी बिचारी त्यावर शेण फिरवत होती.

बॉनेट उघडलं. स्टिअरिंगच्या डबीतलं तेल तळाला गेलेलं, उरलंसुरलं फेसाळलेलं. तेल कमी पडल्यामुळे पंप हवा ओढत होता, मग स्टिअरिंग जड होणारच. पाइप चिरला होता. जव्हारहून नवा आणून बसवला.

राहिलं आतली हवा काढणं. त्याला दोन माणसं लागतात. पुढची चाकं उचलायची, इंजिन बंद ठेवायचं. एकाने आत बसून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत हळूहळू फिरवायचं, दुसऱ्याने बुडबुडे बघत डबीत तेल घालायचं. पूर्वी आत बायको बसायची. "डावीकडे" म्हटलं की हमखास उजवीकडे फिरवायची, आणि वर मलाच झापायची. या वेळी मीच चढलो, फिरवलं, उतरून पाहिलं, तेल घातलं, पुन्हा चढलो. गुडघे बोलायला लागले. एकदा तर सवयीने बॉनेटमागून "डावीकडे!" म्हणून ओरडलोसुद्धा. मग जरा वेळ ओट्यावर जाऊन बसलो.

दुपारपर्यंत बुडबुडे थांबले. इंजिन चालू केलं, तर स्टिअरिंग एका बोटाने फिरलं. पोशेऱ्यापर्यंत जाऊन आलो, एकही वळण जड गेलं नाही. आल्या आल्या फोन लावला. "बघ! हात नाहीत, पाइप होता पाइप!"

"बरं झालं बाई," ती म्हणाली. तिचा जीव भांड्यात पडलेला कळत होता. "मी उगाच घाबरले. मग राहा बाबा तिकडेच आरामात." तिच्या घरात कुकरची शिट्टी झाली, कुणीतरी हसलं, आणि तिने घाईने फोन ठेवला.

जिंकलो होतो मी. पण खरं सांगतो, रडू आलं. तिला शब्द दिला त्याच दिवशी मी कपड्यांची पिशवी भरून गाडीच्या मागच्या सीटवर ठेवली होती.