कल्हईवाल्याची मरियम

आख्ख्या पाचूबंदरात माझ्याएवढा धीट नाखवा नव्हता. बायकोला आठव्यातच कळा लागल्या, तसा मी घरातून पळालो आन् चिंचेखाली बसलेल्या कल्हईवाल्या चाचाचा भाता ओढत बसलो. त्याचं नाव मला आजपन ठाऊक नाय.

"चाचा, आठव्यातलं पोर जगत नाय म्हनतात." मी भाता आनखीच जोरात ओढला.

कापसाच्या बोळ्यानं टोप पुसत तो म्हनाला, "ईसा, म्हंजे तुमचा येशू, मरियमच्या पोटात किती राहिला, यावर आमच्या मौलवींचा वाद आहे. कोन म्हनतो नऊ महिने, कोन म्हनतो एक घटका. कोन म्हनतो, आठव्यात झाला, तरी जगला."

"खरं काय?"

"अल्ला जाने. पन खजुराच्या बुंध्याशी ती एकटीच कळा सोसत होती, यावर वाद नाय. तिला नवराच नव्हता. तुझ्या बायकोला असून काय उपयोग? सोड तो भाता!"