साक्षीदार कळपामागे गेली

बारामतीत शिरताना पहिल्यांदा डोळ्यांत भरतात ते रस्ते. रुंद, दुभाजकावर झाडं छाटून ठेवलेली, कडेला कालव्याचं पाणी संथ वाहतंय. नाशिकहून निघताना गावाकडचा धुरळा गृहीत धरून मी कॅमेऱ्याला दोन आवरणं घातली होती. त्यांची गरजच पडली नाही. पाऊस सरत आला होता. ऊस डोक्याच्या वर गेला होता, आणि उसामागचं गाव काही केल्या दिसत नव्हतं.

मी इथे एका माहितीपटासाठी आलो होतो. बारामती आणि इंदापूर तालुक्यांतली मेंढपाळ कुटुंबं दिवाळीनंतर कळप घेऊन कोकणाकडे उतरतात. काही वर्षांपूर्वी असाच एक वाडा (कळपाचा तळ) घाटाखालच्या एका गावाबाहेर पडला होता. तिथे जमावाने पाच माणसं मारली. आरोपी खालच्या कोर्टातून सुटले. अपील वरच्या कोर्टात पडून आहे. न्याय मागायला निघालेली माणसं मधल्या काळात कशी जगतात, हे मला दाखवायचं होतं. यातली नावं मी बदलली आहेत, घाटाखालच्या गावाचं नाव देत नाही, आणि हे लिखाण त्या कुटुंबाच्या वकिलांनी वाचलेलं आहे.

ज्या लॉजवर उतरलो तिथल्या मालकाशी पहिल्याच दिवशी वाजलं. फोनवर मागची शांत खोली कबूल केली होती, दिली रस्त्याकडची. "मागची लग्नाच्या पाहुण्यांना गेली," तो म्हणाला. मी बॅगा उचलून थेट मागच्या खोलीतच जाऊन बसलो. अर्ध्या तासाने त्याने चहा पाठवला आणि विषय मिटला. मी आयुष्याची सुरुवात लग्नांची व्हिडिओ शूटिंगं करून केली आहे. पाहुण्यांना रस्त्याकडची खोली चालते, हे मला ठाऊक होतं.

वडगाव निंबाळकरला भिवातात्या राहतात. मारल्या गेलेल्या दोघांचे ते थोरले चुलतभाऊ, आणि कोर्टाची सगळी धावपळ तेच करतात. गोठ्यात चार संकरित गाई, दारात दुधाची किटली, भिंतीला टेकवलेली घुंगरांची काठी. आता मेंढरं थोडीच, बाकी ऊस आणि दूध. तात्यांनी मला बसा म्हणायच्या आधी फोन पुढे केला.

"ह्ये तुमीच केलं न्हवं?"

पडद्यावर निकालाच्या दिवशी कोर्टाबाहेर जमिनीवर बसलेल्या बायका, त्यावर रडकं संगीत, खाली एका वाहिनीचं नाव. माझं डोकंच फिरलं. ते चित्रण माझं होतं. मी ते त्या वाहिनीला मोठ्या प्रकल्पाचा तुकडा म्हणून दाखवायला दिलं होतं, आणि त्यांनी संगीत चिकटवून, माझं नाव काढून ते चालवलं. मी तात्यांच्या अंगणात उभा राहून त्या वाहिनीतल्या माणसांना फोनवर जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. गाई बिथरल्या.

"बसा, बसा," तात्या म्हणाले. "तुमी बी नाडलेलंच हाय म्हना की."

"नाडलेला आहे, तात्या. आणि सोडणार नाही त्यांना."

"आमी बी न्हाय सोडनार. पर आमचं जरा मोठं हाय."

मी बसलो. मग आमची खरी बोलणी सुरू झाली. मला सगुणाबाई हव्या होत्या. त्या घटनेच्या एकमेव प्रत्यक्ष साक्षीदार. नवरा आणि दीर दोघे त्यांच्या डोळ्यांसमोर पडले. तात्या नको म्हणत होते. वकिलांनी ताकीद दिली होती: बाई कॅमेऱ्यासमोर साक्षीपेक्षा एक शब्द वेगळा बोलली, तर समोरचे तोच शब्द अपिलात तिच्या अंगावर टाकतील. मी म्हटलं, साक्षीची प्रत समोर ठेवून बोलू. तात्या नको म्हणाले. मी म्हटलं, निकाल लागेपर्यंत फिल्म दाखवणार नाही. तात्या गाईंपुढे वैरण टाकू लागले. मी म्हटलं, कापून झालेली फिल्म आधी वकील बघतील. यावर त्यांनी तपकिरीची डबी काढली, म्हणजे अर्धं जमलं होतं.

"उद्या सांगवीला चला. माझी मेंढरं तितं बसल्याती. ती बघा, मग बोलू."

सांगवी नीरेच्या काठावर. एका शेतकऱ्याच्या मोकळ्या रानात तात्यांच्या पुतण्याने वाघर (मेंढरं कोंडायची जाळी) लावली होती. शेतकरी खतासाठी मेंढरं रानात बसवून घेतो आणि बदल्यात धान्य देतो. पुतण्याच्या बायकोने हुलग्याचं माडगं (पातळ, गरम पेजेसारखं) वाटीत ओतून दिलं. तिखट, थोडं आंबूस, आणि नदीकाठच्या सकाळी इतकं चांगलं लागलं की मी दुसऱ्यांदा मागितलं.

तात्या मेंढरांचे कान दाखवत होते. एकाला टोकाला चिरा, दुसऱ्याला कडेला खाच. "ही माजी. ही पाव्हन्याची. ही एका इधवा बाईची, तिला संभाळाय कोन न्हाय. कळप एकाचा कदी नसतो. समद्यांची जित्राबं इस्वासावर आपल्या हाती असत्यात."

"मग?"

"मग काय. आता शेळगावला जावा. सगुणीला म्या फोन केलाय. हो म्हनली का न्हाय, ते तिलाच इचारा."

बारामतीहून इंदापूरकडे जाताना ऊस विरळ होत जातो. डाळिंबाच्या बागा, द्राक्षांचे मांडव, मध्येच उघडा माळ. शेळगावच्या अलीकडे माझी गाडी शेततळ्याच्या वळणावर चिखलात रुतली. ट्रॅक्टरवाल्याने ओढून काढली आणि वर विचारलं, "शूटिंग कशाचं? हिरॉइन कुठं हाय?" मी सांगितलं. तो एकदम गंभीर झाला. "सगुणाकाकी व्हय," म्हणाला, आणि वाट दाखवायला पुढे निघाला.

सगुणाबाई पन्नाशीच्या असाव्यात. उंच, काटक, पदर डोक्यावर घट्ट. मी अंगणात खुर्ची मांडली, मागे भिंत चांगली होती, उजेड बाजूने येत होता. त्यांनी खुर्चीकडे पाहिलं.

"बसून न्हाय बोलनार मी. मेंढरं सोडायची येळ झाली. बोलायचं आसंल तर मागनं चला."

"बाई, चालताना आवाज नीट येत नाही."

"मग नगा येऊ."

मी गेलो. छोटा माईक त्यांच्या पदराला लावला, एक कॅमेरा खांद्यावर घेतला, दुसरा तिकाटण्यासकट (ट्रायपॉडसकट) पाठीवर टाकला. माळावर गवत घोट्याएवढं होतं. पुढे बोकड, मागे मेंढरं, कडेने कुत्रं. चालता चालता त्या सांगू लागल्या. आवाज चढला नाही की उतरला नाही. साक्षीत जे आहे तेच, त्याच क्रमाने: कळप उभ्या पिकात शिरला, गावातली माणसं आली, बोलाचाली झाली, माणसं परत गेली आणि दिवस मावळताना काठ्या-कुऱ्हाडी घेऊन पुन्हा आली. बाकीच्या बायका पोरं घेऊन ओढ्यात उतरल्या; सगुणाबाई काठावरच्या झुडपाआड थांबल्या आणि नवरा, दीर पडताना त्यांनी तिथून पाहिले. उजाडलं तेव्हा पाच जण पडलेले होते. डोळ्यांनी अधू झालेले म्हातारे सासरे मयतांपाशी बसले. आणि सगुणाबाई बाकीच्या बायकांना घेऊन मेंढरं गोळा करून घाटाकडे निघाल्या.

खालच्या कोर्टाने नेमकं याच ठिकाणी त्यांच्यावरचा विश्वास काढून घेतला. नवऱ्याचं प्रेत मागे सोडून बाई जनावरांमागे जाते, गावी पोचून कळप सोपवल्यावर मग जबाब देते, म्हणजे तिने काही पाहिलंच नसावं, असा निकालाचा सूर आहे. मी तो वाचला होता. खरं सांगायचं तर तो वाचताना माझ्याही मनात प्रश्न आला होता.

तोच मी विचारणार, इतक्यात घंटांचा आणि मेंढरांच्या बेंबाटण्याचा कल्लोळ वाढला. माईकवर दुसरं काही ऐकू येईना.

"बाई, एवढं महत्त्वाचं आहे. पाच मिनिटं थांबवा ना कळप."

त्या थांबल्या. माझ्याकडे पाहिलं. "तुमीच थांबवा."

मला राग आला. वाटलं, चेष्टा चालली आहे. दुसरा कॅमेरा तिकाटण्यावर लावून चालू केला, खांद्यावरचा खाली ठेवला, कळपाच्या पुढे धावत गेलो आणि दोन्ही हात पसरून उभा राहिलो. ओरडलो. बोकडाने मला बाजूला टाकलं. कळप ओढ्याच्या पाण्यासारखा दोन अंगांनी निघून गेला, आणि बांध ओलांडून थेट लसूणघासात शिरला.

"ए कॅमेरावाल्या! आंधळा हायस का?" घासाचा मालक काठी घेऊन धावत आला. पांढरी टोपी, लाल डोळे. मीही आवाज चढवला. जनावरं काय मी पाळली आहेत का, बांधाला कुंपण का नाही, असलं काहीबाही. त्याने काठी उचलली. मी माझं तिकाटणं उचललं.

सगुणाबाई आमच्या मध्ये आल्या. धावत नाही, चालत.

"आप्पा, चूक झाली. दोन रात्री मेंढरं बसवते तुमच्या रानात."

"सगुणे, माजा घास गेला सगळा! तीन रात्री."

"तीन. पर वाघर तुमची."

"बरं." त्याने काठी खाली टेकवली आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "ह्याला काय बी कळत न्हाय, व्हय?"

"न्हाय कळत. शेरातलं हाय."

दोघं हसली. कुत्र्याने आणि बाईंनी मिळून कळप बाहेर काढला. त्यांनी जिभेने एक आवाज काढला, बोकड वळला, आणि मेंढरं त्याच्यामागे माळावर आली. मी आयुष्यभर घासाघीस केली आहे, भाड्याची, तारखांची, दिव्यांची, जेवणावळीची. इतका स्वच्छ सौदा मी पाहिला नव्हता. मी ते बोलून दाखवलं.

सगुणाबाई कळपामागे चालू लागल्या.

"तितं बी मी ह्येच म्हनले व्हते," त्या म्हणाल्या. "दोन रात्री बसवतो म्हनलं. मग चार म्हनलं. ह्यांनी तर पंधरा दिस म्हनलं. ते घ्याय तयारच न्हवते. घरी गेले आन् मानसं घिऊन आले."

मी पिशवीतून साक्षीची प्रत काढली. ते होतं तिच्यात. एका ओळीत, मेंढ्या बसविण्याबाबत बोलणी झाली, एवढंच. मी ती ओळ अनेकदा वाचली होती आणि एकदाही माझं लक्ष तिथे थांबलं नव्हतं.

"बाई, विचारतो, रागावू नका. उजाडल्यावर तुम्ही कळप घेऊन निघालात. का?"

"आता बगितलं न्हवं तुमी? सोडला आसता तर पुन्यांदा त्यांच्याच पिकात गेला आसता. आन् मग वड्यात पोरं व्हती आमची, त्यास्नी बी कोनी सोडलं नसतं. निम्मी मेंढरं दुसऱ्यांची. आमची मानसं गेलीच व्हती, त्यात दुसऱ्यांची जित्राबं बी घालवू?" त्यांनी एका मागे पडलेल्या कोकराला उचलून खांद्यावर टाकलं. "ह्यांच्या अंगावर माजी वाकळ टाकली. मामांजींना म्हनलं, तुमी बसा. आन् गेले. माती बी द्याय मिळाली न्हाय मला. ते कोर्टाला इचित्र वाटलं."

मी साक्षीची प्रत पिशवीत ठेवली.

दुपारी त्यांच्या अंगणात बाजरीची भाकरी, मटकीची आमटी आणि लसणाची चटणी. जेवताना मी सकाळचं माळावरचं चित्रण लावून दाखवलं. पडद्यावर मी हात पसरून उभा, कळप दोन अंगांनी निघून जातोय. शेजारच्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. सगुणाबाईंनी ते दोनदा बघितलं, न हसता.

"ह्ये जज्जाला दावता येतं का?"

वकिलांना मी तिथूनच फोन लावला. नाही, म्हणाले ते. फिल्म म्हणजे पुरावा नव्हे. पण ती एक ओळ आणि कळपाचा व्यवहार ते युक्तिवादात नीट मांडतील. आजवर त्यांनीही त्या ओळीवर बोट ठेवलं नव्हतं. बाईंना मी हे जसंच्या तसं सांगितलं.

सामान गाडीत भरून झालं, कॅमेरे आवरणांत गेले. तेव्हा त्या दाराशी आल्या.

"सुनावनीला मला तितं बसता येतं का?"

"येतं. मागच्या बाकावर."

"बोलाय देत्यात?"

"नाही. वकीलच बोलतात."

"मग बसून येते. मी दिसाय पायजे त्यास्नी. पर पंधरा दिस आगुदर कळवा. मेंढरं बघाय मानूस लागंल. पंधरा दिसाच्या आत मानूस मिळत न्हाय."

"आठ दिवस आधी नक्की कळवतो."

"पंधरा."

परतीच्या वाटेवर इंदापूरला हायवेच्या धाब्यावर थांबलो. उजनीची चिलापी (धरणातला मासा) तळून आली. ती गार होईपर्यंत मी पुन्हा वकिलांशी फोनवर भांडत होतो. अपिलं कधी बोर्डावर (सुनावणीच्या यादीत) येतील ते एक-दोन दिवस आधी कळतं, पंधरा दिवसांची हमी कोणीच देऊ शकत नाही, कोर्ट कोणाच्या मेंढरांसाठी थांबत नाही, ते म्हणाले. मी म्हटलं, मेंढरंही थांबत नाहीत, माझ्याकडे चित्रण आहे. ते हसले नाहीत. निश्चित तारीख मागणारा अर्ज करून बघतो, म्हणाले.

नाशिकला येऊन आता बरेच दिवस झाले. फिल्मची जुळणी चालू आहे. निकालाआधी ती कोणाला दाखवायची नाही, आणि माझ्यासारख्या उतावळ्या माणसाला ते जड जातं. त्या वाहिनीला मी नोटीस पाठवली आहे, तेही सोडलेलं नाही. पण सकाळी चहा घेताना आठवण होते ती वेगळीच. न्यायाचा शोध म्हटलं की मला पूर्वी पायऱ्या, काळे कोट, घोषणा दिसायच्या. आता एक साधी अडचण दिसते. अर्जावर अजून काही उत्तर नाही. तात्या वडगाव, सांगवी, शेळगाव सगळीकडे विचारत फिरताहेत. दुसऱ्यांची जित्राबं विश्वासाने ज्याच्या हाती देता येतील, असा एक माणूस हवा आहे, एका दिवसासाठी, तोही ऐनवेळी बोलावला तर येणारा.

अजून मिळालेला नाही.