खुंटीवरची माळ

दर रविवारी सकाळी कळंबला नानाजींच्या ओसरीवर पिवळ्या डोळ्यांची माणसं बसलेली असत. तहसील कचेरीतून निवृत्त झालेले नानाजी ओल्या काड्यांची माळ गुंफून रोग्याच्या डोक्यावर ठेवत. ती लांबत लांबत गळ्यात, मग छातीवर यायची. जितकी लांबली, तितकी कावीळ उतरली. "उतरली समज," म्हणत ते पाठ थोपटत. ही विद्या त्यांच्या वडिलांकडून आलेली. शेजारी असल्याने लहानपणी मीही ती माळ घातली होती आणि बराही झालो होतो.

मागच्या गल्लीतले युसूफभाई मेकॅनिक मात्र माळ घालूनही गेले. दवाखान्यात नेलं तेव्हा उशीर झाला होता. नानाजींना कुणी बोल लावला नाही.

पुढे एकदा एक रोगी आलाच नाही. त्याची माळ खुंटीवर राहिली. नानाजींनी मला हाक मारली. माळ लांबून पार खाली लोंबत होती.

"पाह्य बरं. खुटीले काय कावीळ झालती?"

मला हसू आलं. ते हसले नाहीत. त्यांनी दुसरी माळ करून टांगली. काड्या सुकल्या, गाठी सैल झाल्या, तीही लांबली. त्या दिवशी ते जेवले नाहीत. "बाबानं कधी रिकामी टांगलीच नसंन," एवढंच म्हणाले.

मग मला सोबत घेऊन ते युसूफभाईंच्या घरी गेले. त्यांच्या पत्नी सलमाभाभी शिवणयंत्रावर बसल्या होत्या.

"भाभी, माह्या माळेत काही नाही. मले आत्ता समजलं. माळेच्या भरवशावर तुम्ही दवाखाना लांबवला."

भाभींचे हात थांबले. त्या म्हणाल्या, "हे मले कायले सांगून राह्यले, नानाजी? माहा माणूस तर गेला."

"तुमच्यापासून लपवनं होत नाही."

"मंग तुमच्या ओसरीवर येतेत, त्यांले सांगा."

पुढच्या रविवारपासून ते येणाऱ्याला सांगू लागले, "माळ बंद. रक्त तपासा." लोक चिडत. राळेगावकडून सुनेला घेऊन आलेली एक म्हातारी तर ओरडलीच, "तुमच्या बापानं माह्या पोराले वाचवलं! त्याईचं नाव बुडवता?"

नानाजींनी हात जोडले. "बाप माहा चांगलाच होता, माय. माळ खोटी होती. बरे होनारे आपोआप बरे झाले. जे नाही झाले, ते सांगायले परत आले नाहीत."

मग पायात चपला सरकवून ते त्या दोघींबरोबर यवतमाळच्या एसटीत बसले. सून बरी होईपर्यंत दवाखान्यात खेपा घालत राहिले.

गेल्या हिवाळ्यात नानाजी वारले. सलमाभाभी त्यांच्या पत्नीजवळ, नानीबाईंजवळ येऊन बसल्या. "दर ईदला मी शीरखुर्म्याचा डबा पाठवला," त्या रडत म्हणाल्या, "पन 'माफ केलं' असं तोंडानं म्हनाचं राहूनच गेलं."

नानीबाईंनी त्यांचा हात धरला. "समजलं होतं वं त्यायले. तो डबा ते सोताच उघडत, मले बी हात लावू देत नव्हते."